धुरपाईचा खालचा बाजार

जावईबापू, चिखलाचे पाय आधी तिकडं दगडावर धुवा आणि मग बोला. तुमचं म्हणणं कळलं मला. वर माळावर सिमेंटचे ओटे बांधलेत, त्यावर पत्रा आहे, नळ आहे, डांबरी रस्ता अगदी दाराशी, आणि आमच्या कवठदऱ्याची माणसं मात्र दर शनिवारी खाली नदीकाठच्या राड्यात बसून भाजी विकतात. वेडीच म्हणायची! तालुक्याचे साहेब आले होते, तेही हेच म्हणाले. त्यांना मी चहा पाजला आणि जे आता तुम्हाला सांगते तेच सांगितलं. ते कप खाली ठेवून उठून गेले. तुम्हीही मधे बोलू नका. आणि पोरींनो, शेंगांची टरफलं पदरात टाका गं, अंगण मला झाडावं लागतं.

तेव्हा नदीवर पूल नव्हता, माळावर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं, आणि माझ्या आजेसासूची सासू परकर नेसून लंगडी खेळत होती. इतकी जुनी गोष्ट आहे ही. बाजार तेव्हाही शनिवारीच भरायचा, नदी पायी ओलांडायच्या उताराजवळ, कवठाच्या झाडाखाली. पण बाजार कसला, नुसता गोंधळ! जो येईल तो वाटेल तिथं पाल ठोकायचा. भाजीच्या पाटीला म्हशीचं शेपूट लागतंय, धान्याच्या राशीत कुणाची गाडी शिरतेय, मिरचीवाल्याच्या मांडीवर बकरी. माणूस एकदा आत शिरला की कुठून बाहेर पडेल ते त्यालाही ठाऊक नसायचं. शिव्या तर अशा चालायच्या की कानात बोटं घालावीत.

त्या बाजाराच्या कडेला धुरपा कुंभारीण बसायची. मडकी फुटतात ना, म्हणून कडेला. नवरा पटकीच्या साथीत गेलेला, दीर नाही, भाऊ नाही. होती ती एक पोर, गजरा. पाचेक वर्षांची असेल. पोर डावरी होती. आई गिऱ्हाईक करायची तेव्हा ही बाजूला बसून मातीचा गोळा घ्यायची आणि डाव्या अंगठ्यानं दाबून दाबून एवढंसं बोळकं करायची. अंगठा उलटा फिरायचा, म्हणून बोळक्याचा काठ सगळ्या मडक्यांच्या उलट्या अंगाला वळलेला असायचा. धुरपा म्हणायची, "अगं, सरळ वळीव की!" आणि मग तेच बोळकं उचलून कनवटीला लावायची.

पोरीला सगळे चिडवायचे. "गजरे, तुझं गाव कंचं?" ती म्हणायची, "बाजार." "घर कुटं?" "बाजारात. नदीपाशी." "आईचं नाव काय?" "आई." माणसं खो खो हसायची. धुरपाही हसायची, म्हणायची, शिकवीन की पुढं, एवढी काय घाई. हे तेवढं ध्यानात ठेवा. पोरीला गावाचं नाव येत नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या शनिवारी तो घात झाला. पोळ्याचा बाजार म्हणजे बैलच बैल, आणि धुरपापुढं मातीच्या बैलांची ही रास. दोन खोंड एकमेकांना भिडले, दावी तुटली आणि माणसांतून उधळले. जो तो पळत सुटला. आपलं पोर की दुसऱ्याचं ते कुणी बघितलं नाही, हाताला लागेल ते मूल उचललं, गाडीत टाकलं आणि बैलांच्या शेपट्या पिरगळल्या. धूळ बसली तेव्हा धुरपाच्या पुढ्यात नुसत्या खापऱ्या होत्या, आणि गजरा नव्हती.

कुणी मुद्दाम नेली नाही हो तिला. मी तर म्हणते, एखाद्या भल्या माणसानंच जीव वाचवायला गाडीत घेतली असेल, आणि पुढं वाटेत विचारलं असेल, पोरी, गाव कंचं? ती म्हणाली असेल, बाजार. आता या मुलखात बाजार काय थोडे भरतात?

धुरपा त्या दिवशी नदीपर्यंत धावली, पलीकडं धावली, परत आली. पुढं कितीतरी दिवस ती वाटांवर होती. मग तिच्या मनानं एक घेतलं. पोरीला गाव ठाऊक नाही, घर ठाऊक नाही, आईचं नाव ठाऊक नाही. ठाऊक आहे ती ही जागा. तेव्हा ती आली तर इथंच येणार, आणि शनिवारीच येणार. त्या दिवसापासून धुरपानं बाजारात मडकी मांडली नाहीत. आठवडाभर कुणाच्या रानात राबायची आणि शनिवारी उजाडायच्या आत बाजारात उभी राहायची.

पण त्या गोंधळात तिला दिसणार काय? ती माणसांत शिरायची आणि म्हणायची, "दादा, जरा सरक, मला पल्याडचं दिसत न्हाई." लोक पहिल्यांदा खेकसले. मग त्यांना लाज वाटली आणि सरकले. एक सरकला म्हणून शेजारचा सरकला. असं करता करता बाजारात ओळी पडल्या, आणि या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचं माणूस दिसायला लागलं. पालं पार खाली बांधलेली असायची, त्याखाली पोरांची तोंडं झाकायची. तिनं ती उंच बांधायला लावली. खाली वारा खेळायला लागला आणि भाजी दुपारपर्यंत टवटवीत राहू लागली. जनावरं तिनं नदीच्या खालच्या अंगाला नेऊन घातली. त्याचं तर असं सांगतात, की एकदा एक माजलेला वळू ओळीत शिरत होता, धुरपा नुसती आडवी उभी राहिली, आणि त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मान खाली घालून मागं फिरला. खरं खोटं वळूला ठाऊक. पण असं म्हणतात.

आणि तिनं आणखी एक केलं, जे कुठल्याच बाजारात नाही. तिनं माणसं वाटेप्रमाणं बसवली. उगवतीच्या वाटेनं येणारे उगवतीच्या ओळीत, घाटाखालचे घाटाच्या ओळीत, नदीपल्याडचे उताराच्या ओळीत. मग त्यांची वांगी असोत की खुरपी. कारण ती ओळीच्या तोंडाशी उभी राहून विचारायची, "तुमच्या वाटंला कुणी डावरी पोर बघितली का? मातीत खेळणारी?" आणि ओळीतला एकेक जण मान हलवायचा. मग पुढची ओळ. तुम्ही सकाळी कुरकुरत होता ना, वांगी चार ठिकाणी का, एका जागी का नाही? तर हे असं आहे ते.

या मांडणीनं बाजाराला मात्र बरकत आली बघा. भांडणं मिटली, एकेका वाटेची माणसं एकमेकांना धरून राहू लागली, दूरदूरच्या गाड्या लागू लागल्या. कवठदऱ्यासारखा बाजार नाही असं लोक म्हणू लागले, आणि धुरपाला धुरपाई म्हणू लागले. कुणी पाया पडायला आलं की ती पाय मागं घ्यायची. "मला काय करायचाय तुमचा बाजार?" म्हणायची. "मला पोर दिसली पायजे." आणि खरं सांगू का, बाजार जेवढा वाढला तेवढं तिचं काम अवघड झालं. आधी शंभर तोंडं बघायची होती, आता हजार. लोकांना ते कुठं कळत होतं! त्यांना वाटायचं, बाईनं दुःख गिळलं आणि गावाचं भलं केलं. तिनं काही गिळलं नव्हतं.

अशी वर्षं गेली. पोर असती तर लग्नाची झाली असती, मग लेकुरवाळी झाली असती. धुरपाईचे केस पांढरे झाले. ती आता पोर शोधत नव्हती, बाई शोधत होती. प्रत्येक परक्या बाईच्या हाताकडं बघायची, घासाघीस करताना कुठला हात पुढं येतो ते.

तेव्हा गावचे पाटील होते रावजी पाटील. माणूस वाईट नव्हता. एका पावसाळ्यात नदी चढली आणि बाजारातल्या तीन गाड्या बैलांसकट वाहून गेल्या. पाटलांनी चावडीवर गाव जमवलं आणि सांगितलं, बाजार आता माळावर न्यायचा. वर मुरमाड जमीन आहे, चिखल नाही, पुराची भीती नाही. गावाला पटलं. कुणालाही पटेल.

धुरपाई चावडीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. आत कधी चढली नव्हती.

"पाटील, बाजार हलवू नगा. तिला गावाचं नाव ठावं न्हाई. ही जागाच तेवढी ठावी हाय."

पाटील म्हणाले, "आक्का, किती वर्षं झाली. आणि समजा आली, तर वर येईल की माळावर. बाजार काय लपून राहतोय?"

"तिचा बाजार नदीपाशी हाय, पाटील. ती माळाकडं बघायची बी न्हाई."

कुणाला तिच्याकडं बघवेना. मग म्हातारा विठोजी तेली म्हणाला, की आपण एक करू. खालच्या जागेवर दर शनिवारी एक माणूस राखणीला बसवू. आज या घरचा, पुढच्या शनिवारी शेजारच्या घरचा, असं गावभर फिरत राहील. राखणीची म्हणून एक घोंगडी करू. ज्याच्या घरात घोंगडी, त्याच्या घरची राखण. दिवस झाला की घोंगडी पुढच्या दारात द्यायची. कुणी परकी बाई आली की तिला झाडाखाली बसवायची आणि वर धुरपाईला हाक द्यायची.

धुरपाईनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. "गावानं शबूद दिला का?" तिनं विचारलं. गाव म्हणालं, "दिला." आणि तिनं विश्वास ठेवला. कारण हजार तोंडं वर माळावर असणार होती, एकटीचे डोळे दोन जागी पुरणार नव्हते, आणि गावाला एवढं दिल्यावर गाव तिला एवढं देईल असं तिला वाटलं. वाटणारच की!

माळावरचा बाजार झकास झाला. पाटलांनी भाजीची ओळ वेगळी, धान्याची वेगळी, कापडाची वेगळी अशी मांडणी केली. खाली राखणही नीट चालली. पहिल्या पहिल्यांदा घरचा कर्ता माणूस भाकरी बांधून जायचा, डोळ्यांत तेल घालून उताराकडं बघत बसायचा. मग कर्त्यांना कामं निघाली. मग म्हातारे जाऊ लागले, ते तिथं झोपायचे. आणि मग कुणीतरी, कोण ते सांगता येत नाही, नुसती घोंगडी झाडाखाली अंथरून आला आणि सांजच्याला उचलून पुढच्या घरी दिली. राखण झाली! पुढच्या घरानंही तेच केलं. घोंगडी दर शनिवारी झाडाखाली असायची. वरून माळावरून बघितलं तर काळं काहीतरी दिसायचं, आणि धुरपाईला वाटायचं, माणूस आहे.

संक्रांतीचा बाजार होता. सुगडं, बोरं, गाजरं, ऊस, आणि बायकांची ही गर्दी. गावातलं एकही माणूस खाली नव्हतं. एक नवी परटीण होती तेवढी, नुकतंच लग्न होऊन आलेली, नदीवर धुणं धुवत. तिनं माळावरचाच बाजार बघितला होता. खाली कधी बाजार होता हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारच्या सुमाराला उताराच्या पाण्यातून एक बाई आली. कडेवर मूल, पायांना लांबची धूळ. झाडाजवळ येऊन थबकली. वर बघितलं, नदीकडं बघितलं, आणि घोंगडीच्या कडेला बसली, जशी कुणी आपल्या घरात बसावी. कितीतरी वेळ बसली. मग परटिणीला म्हणाली, "बाई, हितं बाजार भरतो का?"

परटीण हसली. "हितं? ह्या चिखलात? न्हाई गं बाई. बाजार वर माळावर असतो."

"आधी कधी भरत हुता?"

"न्हाई. मी तर न्हाई आयकलं."

ती बाई पुन्हा खाली बसली. म्हणाली, "मला वाटलं, ह्योच. असंच झाड हुतं. लई बाजार बघितले मी, नदीकाठचे सगळे." तिनं मुलाला पाणी पाजलं. बसल्या बसल्या काठची ओली माती उचलली आणि बोटांनी उगाच काहीतरी करत राहिली. मग ते घोंगडीवर ठेवून उठली, मूल कडेवर घेतलं आणि आली तशी पाण्यातून पलीकडं निघून गेली.

हाय रे देवा. थांबा जरा, पाणी पिते.

परटीण धुणं घेऊन माळावर आली तेव्हा सहज म्हणून तिनं ही हकिकत सांगितली, एका बाईला, त्या बाईनं दुसरीला. असं करत ती धुरपाईच्या कानावर गेली. धुरपाई माळावरून कशी खाली आली ते कुणी बघितलं नाही. असं म्हणतात, तिचे पाय जमिनीला लागलेच नाहीत. घोंगडीवर एक बोळकं होतं, अजून ओलं. त्याचा काठ उलट्या अंगाला वळलेला होता.

तेव्हा तिनं हाक मारली. "गजरेऽऽ!" असं म्हणतात, ती हाक सात गावांत ऐकू गेली. माळावरच्या तराजूंची पारडी तोलता तोलता थांबली, गाईंनी वासरांना पाजणं सोडून माना वर केल्या, आणि नदीचं पाणी घटकाभर वाहायचं थांबलं. पलीकडच्या काठानं मात्र ओ दिली नाही. गावातले गडी घोड्यावरून, पायी, सगळ्या वाटांनी धावले. पण पलीकडं तीन वाटा फुटतात, आणि सण होता, प्रत्येक वाटेवर मूल कडेवर घेतलेल्या बायका होत्या.

धुरपाई वर आली. बोळकं हातात होतं. सगळा बाजार उभा होता. ती फक्त एवढंच म्हणाली, "राखण कुणाची हुती?"

माणसं एकमेकांकडं बघू लागली. अहो, कुणीतरी "माझी" म्हणायचं होतं! तिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, रडली तरी असती. पण कवठदरा तोंड मिटून उभा राहिला. ती वळली, खाली गेली आणि झाडाला पाठ लावून उताराकडं तोंड करून बसली. त्यानंतर गावाशी एक शब्द बोलली नाही. बायका भाकरी ठेवून यायच्या, ती भाकरी चिमण्या खायच्या.

पुढचा शनिवार आला. पाटलांनी काही सांगितलं नव्हतं, दवंडी पिटली नव्हती. पण गाड्या माळाकडं वळेनातच. असं म्हणतात, बैलांनीच आपणहून खालची वाट धरली. मला विचाराल तर माणसांनीच वळवले असतील, आणि सांगायची लाज वाटली असेल. सगळा बाजार नदीकाठी उतरला, त्याच चिखलात. उगवतीचे उगवतीच्या ओळीत बसले, घाटाचे घाटाच्या ओळीत. तिला आरपार दिसावं म्हणून मधल्या वाटा कुणी न सांगता मोकळ्या ठेवल्या. पालं उंच बांधली. त्या दिवशी कुणी ओरडून माल विकला नाही.

धुरपाई झाडाखाली बसून बघत होती. डोळे उघडे, मान ताठ. लोकांना बरं वाटलं. म्हणाले, बघतेय, म्हणजे राग गेला असेल. येता-जाता बायकांनी पुढ्यात तिळगूळ ठेवला. रावजी पाटील लांबून हात जोडून गेले.

सांजच्याला बाजार उठायला लागला तेव्हा ती परटीण भीत भीत जवळ गेली आणि तिच्या खांद्याला हात लावला. अंग गार पडलेलं होतं. कधी गेली होती कोण जाणे, सकाळीच गेली असेल. दिवसभर गावानं तिच्यापुढं बाजार मांडला आणि तिनं त्यातलं काहीच बघितलं नव्हतं. डोळे मिटायला गेले तर मिटेनात. शेवटी तशीच नेली. मुठीतलं बोळकंही सुटलं नाही.

असं आहे ते, जावईबापू. बाजार मग पुन्हा वर गेला नाही. पूर आला तर एखादा शनिवार बुडतो, तेवढं सोसतो आम्ही. राखणीची पद्धत मात्र गावानं त्याच दिवशी मोडली, घोंगडी नदीत सोडली. नेमून दिलेलं काम कसं होतं ते बघितलं होतं ना सगळ्यांनी! आता ते कुणा एका घराचं नाही. जो बाजारात बसतो, त्या प्रत्येकाचं आहे. गजरा कधीच मातीला मिळाली असेल, तिची नातवंडंही म्हातारी होऊन गेली असतील. एवढं कळतं आम्हाला. आम्ही काही खुळे नाही.

पण तुम्ही आज पाहिलंत का? उताराच्या ओळीत ती तुमच्या शहरातली पाहुणी कांदे घ्यायला थांबली तेव्हा म्हातारीनं कांदे तोलायच्या आधी काय विचारलं? तुम्हाला वाटलं, म्हातारी चोंबडी आहे. परक्या बाईला कवठदऱ्यात कुणी विचारल्याशिवाय माल देत नाही. तीन ठिकाणी थांबली तर तिन्ही ठिकाणी विचारतात.

"बाई, कुणाला शोधायला आलीस का?"

ती म्हणते, "नाही हो, कांदे घ्यायला आलेय."

मग विचारणारं माणूस जरा वेळ तिच्या तोंडाकडं बघतं, आणि तराजू उचलतं.